टिवटीला हवा एक दोरा

एक होती टिवटी. शिंपी पक्षी. एवढुशी! चोच टोकदार, शेपटी ताठ.

परसात होतं अंजिराचं झाड. टिवटीने त्याचं मोठ्ठं पान घेतलं. टुचुक टुचुक शिवलं. झालं घरटं! घरट्यात एक अंडं.

एक दिवस वारा आला. सूं सूं सूं! दोरा तुटला. तट्ट! पान उघडलं. अंडं निघालं गडगडायला!

टिवटीच्या नवऱ्याने, टिवट्याने, पान चोचीत धरलं. घट्ट.

"सोडू नकोस हं! आत्ता दोरा आणते."

"म्म्म!" म्हणाला टिवट्या. चोच उघडायची सोय कुठे होती?

टिवटी उडाली. भुर्र! ओसरीवर यमूकाकू बसली होती. जुन्या लुगड्याची गोधडी शिवत होती.

"काकू, काकू, दोरा दे!
अंडं माझं पडेल ना!"

"देते गं बाई. पण कात्री बोथट. दातांनी तोडावा, तर पुढचे दातच नाहीत! आधी कात्रीला सांग."

टुण टुण टुण. टिवटी गेली कात्रीकडे.

"कात्रीबाई, कात्रीबाई, दोरा काप!
काकू दोरा देईना,
अंडं माझं पडेल ना!"

"नाही कापत, जा!" कात्री कुरकुरली. "मला धार नाही. कपाच्या बुडावर घासलं की येते. आधी कपाला सांग."

टुण टुण टुण. फळीवर होता एक कप. कान तुटलेला, पण ऐट केवढी!

"कपभाऊ, कपभाऊ, धार दे!
कात्री दोरा कापेना,
काकू दोरा देईना,
अंडं माझं पडेल ना!"

"नाही देत, जा! बघ माझं बूड. चहाचे डागच डाग! असा मळका चारचौघांत येऊ? आधी ब्रशला सांग."

टुण टुण टुण. मोरीत होता दात घासायचा जुना ब्रश. केस सगळे विस्कटलेले.

"ब्रशदादा, ब्रशदादा, कप घास!
कप धार देईना,
कात्री दोरा कापेना,
काकू दोरा देईना,
अंडं माझं पडेल ना!"

"नाही घासत, जा! नुसत्या पाण्याने डाग निघतात होय? आधी लिंबाला सांग."

टुण... टुण... टुण. टिवटी दमली बिचारी. ओट्यावर पडलं होतं पिळलेलं लिंबू. चपटं, सुरकुतलेलं. हेही नाही म्हणालं तर?

"लिंबूराव, लिंबूराव, डाग काढ!
ब्रश कप घासेना,
कप धार देईना,
कात्री दोरा कापेना,
काकू दोरा देईना,
अंडं माझं पडेल ना!"

टिवटी रडकुंडीला आली.

मग लिंबूराव हळूच म्हणाले, "सकाळी मला पिळलं. आता टाकून द्या म्हणाले. तेव्हापासून वाट बघतोय, कुणी बोलावतं का. उचल मला! चल, चल!"

आणि काय सांगू, एकच धांदल उडाली!

लिंबाने डाग काढले. चुर्र चुर्र!
ब्रशने कप घासला. खस खस!
कपाने धार दिली. घस्स घस्स!
कात्रीने दोरा कापला. कच्च!
काकूने दोरा दिला.

"घे गं बाई. आणि हा एक जास्तीचा. असू दे घरात."

टिवटी उडाली. भुर्र! पान दुमडलं. टुचुक टुचुक टाके घातले. गाठ मारली.

टिवट्याने भीत भीत चोच उघडली. पान हललं नाही. अंडं पडलं नाही.

"हुश्श!" म्हणाला टिवट्या. "हुश्श!" म्हणाली टिवटी. दोघं किती वेळ नुसती हसत होती.

मग टिवटी अंड्यावर बसली. उबदार, मऊ मऊ. पान आता पक्कं होतं. भीती कसली?

"ये रे वाऱ्या," ती म्हणाली. "दे आम्हाला झोका!"

दोऱ्याला गाठ बसली,
गोष्ट आपली इथे निजली.