साळिंदराच्या पाठीवरची पाने

मुलांनो, डोंगराच्या कुशीतल्या एका खडकाळ जंगलात एक साळिंदर नव्यानेच राहायला आला होता. पलीकडच्या रानाला वणवा लागला तेव्हा बायको आणि दोन पिल्ले एवढेच घेऊन तो निघाला होता. आता त्यांचा मुक्काम एका उन्मळून पडलेल्या झाडाखाली होता. वर छप्पर होते, पण बाजू उघड्या. त्यात एका तरसाला पिल्लांचा सुगावा लागला होता. ते रोज झाडाभोवती चक्कर मारी आणि रोज थोडे आणखी जवळ येई. पिल्लांचे काटे अजून मऊ होते, म्हणून साळिंदर स्वतःचे काटे उभारून सारखा पहाऱ्याला बसे. या जंगलात आल्यापासून त्याला धड झोप अशी मिळालीच नव्हती. त्याला एक बीळ हवे होते, बस्स.

पण जमीन एवढी कठीण, की नवे बीळ खणणे अशक्य. जुनी बिळे रिकामी पडली होती. ती कुठे आहेत हे मात्र जुन्या रहिवाशांनाच ठाऊक, आणि अनोळखी प्राण्याला ती कोण दाखवणार? ओळख व्हायची असेल तर ती मेळ्यातच. दर पौर्णिमेला, दिवस कलू लागला की पाणवठ्यावर सगळ्या जनावरांचा मेळा भरे. तेवढा वेळ कुणी कुणाला खायचे नाही, असा नियम होता. आणखीही एक रीत होती. प्रत्येक जण पळसाच्या पानावर अंग घासून ते पान दुसऱ्याला देई. पुढे कधी काम पडले, तर त्या वासाचा माग काढत त्याच्या घरी पोहोचता यावे म्हणून. रीत चांगलीच होती.

साळिंदर पहिल्यांदा मेळ्याला गेला तेव्हा बुजून एका बाजूला उभा राहिला. तेवढ्यात एक कोल्हा लगबगीने आला. "नवीन दिसताय साळिंदरराव! असे पाहुण्यासारखे काय उभे?"

"मला एक बीळ हवं होतं," साळिंदर म्हणाला. "घरी लहान पिल्लं आहेत, आणि..."

"अहो, बीळबीळ नंतर! आधी ओळखी वाढवा. पान द्यायचं, पान घ्यायचं आणि पुढे सरकायचं. एकापाशी रेंगाळलात की बाकीचे हातचे गेले म्हणून समजा. आणि तुम्हाला तर पानं अडकवायला पाठभर काटे! आमच्यासारखं तोंडात धरून हिंडायला नको. नशीबवान आहात." कोल्ह्याने आपले पान त्याच्या एका काट्यात खुपसले आणि तो दुसऱ्या कुणाला तरी हाक मारत निघूनही गेला.

साळिंदर कामाला लागला. रानडुकराला नमस्कार, सांबराला नमस्कार, मुंगसाला नमस्कार. "आपण भेटत राहू." "हो हो, भेटत राहू." पान द्यायचे, पान घ्यायचे. तरससुद्धा समोर आले आणि अगदी अदबीने म्हणाले, "आपण शेजारीच राहतो की! हे घ्या माझं पान." ते नाकारणे वाईट दिसेल असे साळिंदराला वाटले. त्याने तेही काट्यात अडकवले. अंधार पडायच्या सुमाराला हसून हसून त्याचे गाल दुखत होते, पाय भरून आले होते आणि पाठीवर एवढी पाने झाली होती, की दुरून पाहणाऱ्याला एक झुडूपच चालत येते आहे असे वाटावे.

घरी पोहोचताच पिल्ले किंचाळली आणि आईच्या पोटाखाली शिरली. "बाळांनो, मी आहे!" तो म्हणाला. पण त्याच्या अंगाला तरसाचा वास येत होता. पिल्ले काही केल्या जवळ येईनात.

"एवढ्या सगळ्यांना भेटलात?" बायकोने विचारले.

"सगळ्यांना."

"मग बिळाचं काय म्हणाले?"

"बिळाचं बोलायला वेळच झाला नाही," साळिंदर म्हणाला आणि तसाच बाहेर, पानांसकट बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी तो मुंगसाचा माग काढत निघाला. पण एकाच पाठीवर राहून सगळ्या पानांचे वास एकमेकांत मिसळले होते. रानडुकराच्या चिखलात शिरून, सांबराच्या वाटेने भलतीकडे जाऊन, दुपार उलटल्यावर तो एकदाचा मुंगसाच्या दारी पोहोचला.

"कोण आहे?" आतून आवाज आला.

"मी साळिंदर. काल मेळ्यात भेटलो होतो आपण."

"असू. काय बोललो होतो?"

"बोललो असं नाही... तुम्ही मला पान दिलंत."

"पान मी सगळ्यांनाच देतो." मुंगूस दाराशी आले, त्याने नाक वर केले आणि ते झटकन मागे सरकले. "कोल्हा, रानडुक्कर... आणि तरस! कुणाकुणाला घेऊन आलायस रे?"

"मी एकटाच आहे हो!"

"एकट्याला एवढे वास नसतात," मुंगूस म्हणाले, आणि त्याने आतून दाराशी माती लोटली. साळिंदराने थोडा वेळ वाट पाहिली. मग तो परत फिरला. चिडण्याएवढेही त्राण त्याच्यात उरले नव्हते.

पुढच्या पौर्णिमेपर्यंत तरस झाडाच्या मुळांपर्यंत येऊन पोहोचले होते. मेळ्याला जावेसे साळिंदराला वाटेना, पण गेला नाही तर बिळाचे विचारणार कुणाला? तो गेला. पाणवठ्याशी पोहोचेपर्यंतच त्याचे पाय थकले आणि तो एका तापलेल्या दगडाला टेकून बसून राहिला. त्या दगडावर एक म्हातारी घोरपड पडून होती.

"हे काय साळिंदरराव, बसलात?" कोल्हा जाता जाता ओरडला. "मेळा काय बसायला असतो?"

"बसू दे त्याला," घोरपड डोळा न उघडताच म्हणाली. मग साळिंदराकडे वळून ती म्हणाली, "पान देणार असशील तर नको बाबा. कोरड्या पाल्याचा ढीग झालाय घरात."

"नाही देत, घोरपडबाई. माझ्यात तेवढीही ताकद नाही."

घोरपडीने आता डोळा उघडला. "दमलायस खरा. झोपला नाहीस का?"

आजवर कुणी त्याला असे काही विचारले नव्हते. साळिंदराने वणव्यापासून तरसापर्यंत सगळे सांगितले. घोरपडीने ते शेवटपर्यंत ऐकून घेतले. सांगून झाल्यावर त्याला वाटले, आपणच किती वेळ बोललो! म्हणून त्याने विचारले, "आणि तुमचं कसं चाललंय?"

"माझं काय! बिळाच्या तोंडावर एक मूळ आडवं वाढलंय. येता जाता पोट सोलवटून निघतं. म्हातारपणी नखांत जोर नाही आणि कुणाला सांगावं तर थांबतंय कोण?"

"मूळ?" साळिंदर सावरून बसला. "अहो, मुळं तर आम्ही जेवायला खातो! उद्या सकाळी येतो. बायकोला आणि पोरांनाही आणतो, पोटभर होईल सगळ्यांचं."

मेळा संपेपर्यंत दोघे तिथेच बसले. साळिंदर त्या दिवशी दुसऱ्या कुणालाही भेटला नाही. परतताना घोरपड सावकाश पुढे चालली आणि तिने त्याला आपली वाट दाखवून ठेवली.

सकाळी चौघेही आले. कुरतडून कुरतडून त्यांनी मूळ फस्त केले. पिल्लांनी तर सालही ठेवली नाही. घोरपड दोनदा आत गेली, दोनदा बाहेर आली आणि म्हणाली, "छान. आता माझ्या मागून या." कड्याखालच्या कपारीत, करवंदीच्या जाळीआड एक खोल बीळ होते. तोंड इतके अरुंद, की तरसाचे डोकेही आत शिरले नसते. "कित्येक वर्षं रिकामं आहे," ती म्हणाली.

"मग इतके दिवस कुणाला दिलं नाहीत?"

"मला कुणी विचारलंच नाही रे."

त्या दिवशी साळिंदर दुपारपासून जो झोपला, तो बायकोने हलवूनही उठला नाही. पुढे थंडीच्या दिवसांत घोरपड उन्हाला त्यांच्या दाराशी येऊन पडू लागली. साळिंदरही शेजारी येऊन बसे. बोलण्यासारखे दोघांकडेही फारसे काही नसे. तेव्हा ते गप्पच बसत आणि ऊन खात.

तात्पर्य : मेळ्याला जरूर जावे, पण सगळ्यांना धावते भेटण्यापेक्षा एकापाशी बसावे, आपली गरज न लाजता सांगावी, त्याची अडचण मनापासून ऐकावी आणि दिलेला शब्द पाळायला दुसऱ्या दिवशी त्याच्या दारी जावे.