खांदेमळणी

जनावरं माणसांचं सगळं बोलणं समजून होती आणि माणसांना मात्र जनावरांचं एक अक्षरही कळत नव्हतं, त्या काळातली ही गोष्ट.

सुभानाच्या गोठ्यात पाखऱ्या नावाचा नवा गोऱ्हा होता. "कुत्रा ओसरीवर झोपतो, मांजर चुलीपाशी लोळते, अन् आपल्या मानेवर तेवढं जू," तो म्हाताऱ्या चांद्या बैलाला म्हणाला. "उद्या पोळा. दावं सुटलं की मी रानात पळणार."

चांद्या रवंथ करत राहिला.

सांजेला खांदेमळणी झाली. सुभानाने दोघांचे खांदे ऊन पाण्याने शेकले, हळद-लोणी चोळलं आणि हात जोडून म्हणाला, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

वाटीत थोडं लोणी उरलं. त्याची बायको येसू पुढे आली. तिने त्याची बंडी खांद्यावरून सरकवली आणि उरलेलं लोणी तिथे चोळू लागली. पाखऱ्या बघतच राहिला. माणसाच्या खांद्यावर बैलासारखा घट्टा होता.

"हे कसं?" त्याने हळूच विचारलं.

"तू यायच्या आधी माझा जोडीदार ऐन पेरणीत मेला," चांद्या म्हणाला. "मग जुवाच्या दुसऱ्या बाजूला हा उभा राहिला. मी पाऊल टाकलं की हाही टाकायचा."



दुसऱ्या दिवशी दावं सुटलं. रान समोरच होतं. पाखऱ्या सुभानापाशी गेला आणि त्याचा तो खांदा चाटू लागला.

"लोण्याची चटक लागली वाटतं याला," सुभाना हसून म्हणाला.