राजांची शिंक

कुरणगडच्या मानाजीराजांना रांगोळी काढता येत नसे, सांगता मात्र झकास येई. झोपाळ्यावरून ते हुकूम सोडत, "चौकोनात चौकोन, मधे सरळ रेघ!" वाड्यातली दासी तानूबाई वाकून काढी. कुणी वाहवा केली की राजे म्हणत, "कल्पना माझी, म्हणजे रांगोळी माझी. तानूचा नुसता हात!"

दसऱ्याला भर पाहुण्यांसमोर मधली रेघ सापासारखी वळवळत गेली.

"हे काय?" राजे गरजले.

"रांगोळी नाकात गेली, सरकार. शिंक आली."

"माझी रांगोळी नासवलीस! हाकला हिला वेशीबाहेर!"

तानूबाई पदर सावरत म्हणाली, "रांगोळी सरकारांची, तर शिंकही सरकारांचीच. माझं नुसतं नाक!"

पाहुण्यांबरोबर राजेही पोट धरधरून हसले. पुढच्या दसऱ्याला झोपाळ्यावरून हुकूम सुटला, "चौकोनात चौकोन, मधे शिंक!"