तिने चालू केलेला कॉम्प्युटर

“वारा, की पाणी? एवढंच सांगा, माई.”

अरविंद खैरनार मठीच्या दारातूनच बोलले. दोन्ही हातांत दोन खोकी होती. अजून बसलेही नव्हते.

 माईने मला नुसती खूण केली.

गिरणेकाठच्या आमच्या मठीत माईने घालून दिलेली एक रीत आहे. येईल त्याला आधी पाणी द्यायचं, मग वारा घालायचा, आणि मगच त्याचं ऐकायचं. मी रांजणातून तांब्या भरून दिला. ते उभ्यानेच प्यायले. मग बसले. माईने ताडाचा पंखा उचलला आणि आपल्या हाताने वारा घातला. वैशाखाचं ऊन होतं.

“हं. आता बोल, मास्तर.”

ते इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत, म्हणून माई त्यांना मास्तर म्हणायची. दर गुरुवारी यायचे. प्रत्येक प्रश्नाला एक बरोबर उत्तर असतंच, असं ठासून सांगायचे. माई हसायची.

गेल्या भाद्रपदात त्यांची एकुलती मुलगी, कस्तुरी, तापाने गेली. त्यानंतर ते वाक्य त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. विचारण्याची ढब मात्र तीच राहिली.

“कस्तुरीचा कॉम्प्युटर फार तापतो आहे,” ते म्हणाले. “आतला पंखा झिजलाय, घरघरतो. असाच राहिला तर एक दिवस आपोआप बंद पडेल.”

“त्यालाही ताप येतो का रे?”

“थट्टा नको, माई. प्रोसेसर म्हणून एक चिप असते. सगळं काम तीच करते. ती गार ठेवावी लागते. त्याचे दोन मार्ग. एक हा.”

त्यांनी पहिलं खोकं उघडलं. पातळ पातळ पत्र्यांची चवड निघाली. तिच्या अंगाला पंखा लावलेला होता.

“आणि एक हा.”

दुसऱ्यातून दोन काळ्या नळ्या निघाल्या. त्यांच्या टोकाला एक जाळी.

“यात पाणी असतं, असं समजा. ते चिपजवळची उष्णता घेतं, जाळीकडे जातं, गार होऊन परत येतं.”

माईने नळी बोटांनी चाचपली.

“बाहेर येत नाही?”

“येऊ द्यायचंच नसतं. आतल्या आत फिरत राहतं. बाहेर आलं की सगळं बिघडलं.”

माई त्यांच्या डोळ्यांकडे बघत राहिली. डोळे कोरडे होते.

“बरं… आणि जाळी कशाने गार होते?”

“तिला पंखे असतात.”

“म्हणजे वाराच.”

“शेवटी वाराच. पण फरक आहे, माई. मी सगळं वाचलंय. वाऱ्याचं साधं असतं, टिकतं, गळायची भीती नाही. पाण्याचं जास्त उष्णता ओढतं, पण त्यातला पंप थांबला की संपलं. शिवाय पेटीत जागा किती…”

“काढलेली उष्णता जाते कुठे?”

“कुठे म्हणजे? खोलीत.”

“खोलीत कोण असतं?”



“…मी असतो.”

माईने पंखा खाली ठेवला.

“तिचं काही आहे त्यात?”

“चित्रं आहेत. हलणारी. अर्धीच झालेली. ती मी दुसरीकडे उतरवून ठेवलीत. त्यांना धक्का नाही.”

“मग पडू दे की बंद.”

“तो तिने चालू केलाय, माई!”

त्यांचा आवाज मठीत मोठा झाला. मग ते हळू बोलू लागले.

“अंगात ताप होता, तरी उठली. बटण दाबलं. दवाखान्यात निघताना मला म्हणाली, बाबा, बंद करू नका हं, मी आलेच… तेव्हापासून चालू आहे. वीज जाते म्हणून बॅटरी बसवली. तिच्या हाताने सुरू झालाय तो. एकदा बंद केला, की पुन्हा सुरू होईल तो माझ्या हाताने.”

मी रांजणावरचं फडकं नीट करत होतो. नीट झालं होतं, तरी करत राहिलो.

माईने विचारलं, “हे वाऱ्याचं, चालू असताना बसवता येतं?”

“…नाही. बंद करावा लागतो.”

“आणि पाण्याचं?”

“त्यालाही.”

“मग इतके दिवस तू निवडतो आहेस काय?”

 बाहेर निंबावर होला घुमत होता.

“पोरीला ताप होता, तेव्हा काय केलंत?”

“घरोघरी करतात तेच. तिची आई, सुमती, कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवत होती. मी वारा घालत होतो. दवाखान्यात नेईपर्यंत.”

“तू वारा.”

“हो.”

“ती पाणी.”

“…हो.”

“आता काय म्हणते ती?”

“काही नाही. त्या खोलीत येत नाही. उंबऱ्याशी येऊन उभी राहते. घरघर ऐकते, आणि जाते.”

“ही दोन खोकी आणलीस, तिला दाखवलीस?”

“तिला त्यातलं काय कळणार, माई?”

माईने दाराबाहेर पाहिलं. त्यांची गाडी निंबाखाली उभी होती, पण सावली केव्हाच सरकली होती. काच अर्धी खाली होती. आत कोणीतरी मांडीवर हात ठेवून बसलं होतं.

“कोण आहे रे ते?”

“सुमतीच. उतरायचं नाही म्हणाली.”

माई उठली. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. मी पुढे झालो तर मला हातानेच थांबवलं. तिने स्वतः तांब्या काठोकाठ भरला आणि मास्तरांच्या डाव्या हातात दिला. ताडाचा पंखा उजव्या हातात दिला.

खोकी जमिनीवरच राहिली.

मास्तर दारापर्यंत गेले. तिथे वळले.

“माई… तो बंद कोणी करायचा?”

“तिला विचार.”

ते उन्हात उतरले.  तांब्या हिंदकळला, पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. ते तसेच उभे राहिले. मागे वळून पाहिलं नाही.

“माई, पाणी सांडतंय…”

“सांडू दे.”