पाळीआडची गंगा

समोर दिसतो तो तलाव तसा साधाच आहे. मातीची लांब पाळ, एका कडेला जास्तीचं पाणी सांडायला दगडी सांडवा, त्याला आम्ही सलंग म्हणतो, आणि मधे शेतात पाणी सोडायचं तुडूम. सरकारचा नाही, मालगुजाराच्या घरचा तलाव. पण या पाळीवर तुम्हाला एक झाड सापडणार नाही. उंदराचं बीळ दिसलं की त्याच दिवशी बुजवतात. आणि पाण्यात उतरायचं तर मालक हो म्हणाला एवढ्यानं भागत नाही. पाळीखाली ती कौलारू घरं दिसतात ना, तो ढीवर टोला, आमचा मासे धरणाऱ्यांचा. तिथली बाई ‘उतरा’ म्हणाली तरच उतरायचं.

तुम्ही ट्यूबा फुगवून आणल्या, डेचकीभर रस्सा आणला, लेकरं पोहायला अधीर झाली, सगळं कबूल. पण बसा थोडं. ओ दादा, तुम्हालाच म्हणतो जी, तुडुमापासून इकडे या! तिथे पाणी वरून शांत दिसतं नि खालून ओढतं. माणूस गेला की काठावर नुसत्या चपला राहतात. हं, इथे बसा. बाई येईपर्यंत सांगतो.

हा तलाव डोमाजी मालगुजाराच्या आजानं बांधला, असं सांगतात. डोमाजीला सगळं होतं, मूल नव्हतं. बारा वर्षं झाली लग्नाला. शेवटी एका उन्हाळ्यात त्यानं पाळीवर उभं राहून गंगेला नवस केला, की माझ्या घरी पाळणा हलू दे, तुझं ठाणं इथे मांडीन. त्याच साली पावसाळा सरता सरता पाळीच्या मागच्या अंगाला, अगदी पायथ्याशी, पाण्याचा झिरा फुटला. करंगळीएवढी धार. आणि पुढच्या वर्षी मालकीणबाईला लेक झाली. आता सांगा, कोण म्हणेल की हा योगायोग आहे? डोमाजीनं झिऱ्यावर दगड मांडला, शेंदूर लावला. लेकीचं नाव गंगा ठेवलं. दर आश्विनात पंचमीला तिथे जत्रा भरू लागली. लोक तलावात आंघोळी करायचे, डोंग्यात बसून फिरायचे, मग पाळीमागे जाऊन झिऱ्याचं तीर्थ घ्यायचे. पोरगी दगडाशेजारी पाटावर बसायची, लोक तिच्याही पाया पडायचे. तिला गुळाचा लाडू हवा असायचा, पाया पडलेलं नको असायचं, असं म्हणतात.

पोरगी सात वर्षांची झाली त्या साली पाऊस फार झाला. तलाव काठोकाठ. जत्रेला पंधरा दिवस असताना झिऱ्याची धार मनगटाएवढी झाली आणि पाणी पांढरट येऊ लागलं. झालं! गंगामाईनं दूध दिलं, दूध दिलं, म्हणून पाच कोसांवरून माणसं लोटली. कुणी त्याची खीर केली म्हणे. भक्तीपुढे जिभेचं काही चालत नाही.

टोल्यात बिरजा नावाची बाई होती. नवरा मेलेला, दोन लेकी पदरात, तलावातल्या मासोळीवर घर चाले. ती माझ्या आजाची आजी लागते, असं आमच्या घरात सांगतात. तोंडाची फटकळ होती, हे मात्र नक्की, कारण तो गुण अजून घरात आहे. तिनंही ते दूध लोट्यात भरून नेलं आणि लेकींना द्यायच्या आधी झाकून ठेवलं. संध्याकाळी बघते तर वर पाणी निवळलेलं आणि तळाला बोटभर माती. पाळीची माती. तिच्या पायाखालची रोजची, ती ओळखणार नाही?

दुसऱ्या दिवशी ती मातीचा गोळा घेऊन मालकाच्या दारात गेली. डोमाजी ओसरीवर बसला होता.

“हे घ्या जी मालक, तुमची पाळ,” ती म्हणाली.

“म्हणजे काय?”

“दूध नाही जी ते. पाळ आतून धुऊन चालली. थोडी थोडी परत आणून देते.”

डोमाजीनं तिला हाकलून दिलं. ती दुसऱ्या दिवशी आली. तिसऱ्या दिवशी आली. रोज लोट्याच्या तळाची माती ओसरीच्या पायरीवर ठेवायची आणि जायची. सुरुवातीला गोळा लिंबाएवढा होता. दहाव्या दिवशी नारळाएवढा झाला. मालकाच्या गड्यांनी तो झाडून टाकला नाही, कारण मालकानंच टाकू दिला नाही.

त्याला कळत नव्हतं असं नाही. तलाव बांधणाऱ्याचा नातू होता तो. पण झिरा म्हणजे नुसती गळती म्हटलं, तर मग लेक कुणी दिली? आणि देवीचं ठाणं आपल्या हातानं कोरडं केलं, तर ती दिलेलं परत नेणार नाही का? एका बाजूला टोल्यातली चाळीस घरं, एका बाजूला सात वर्षांची गंगा. माणूस जेवेनासा झाला, असं सांगतात.

जत्रेच्या सकाळी धार मांडीएवढी झाली. लोक जयजयकार करत होते. बिरजा गर्दीतून डोमाजीपुढे उभी राहिली. हातात लोटा नव्हता, कुदळ होती.

“मालक, सलंग फोडा. आज नाही फोडली तर टोला उरत नाही.”

“आणि माझी पोर?” डोमाजी एवढंच म्हणाला. सगळ्यांनी ऐकलं म्हणे.

बिरजानं कुदळ जमिनीला टेकवली. मग म्हणाली, “ते मला नाही माहीत जी. तिला काही होणार नाही असं मी कशी सांगू? पण गंगा रागावली तर माझ्यावर रागावू दे. पहिली कुदळ मी मारते.”

आणि मारली. मालकाच्या तलावावर टोल्यातल्या बाईनं कुदळ! लोक तिला मारायला धावले. डोमाजी आडवा आला. दुसरी कुदळ त्यानं मारली, मग गडी उतरले. सलंग छातीभर खोल फोडली, तुडूम उघडलं. तीन दिवस पाणी नाल्यानं वाहून गेलं. निसवायला, म्हणजे लोंब्या बाहेर पडायला आलेलं जड धान पाण्यावाचून वाळलं. बिरजाच्या सालभराच्या मासोळ्या पाण्याबरोबर गेल्या.

आणि पाळ? पाळ फुटलीच नाही. उभीच्या उभी राहिली. इथेच खरी पंचाईत झाली. फुटली असती तर बिरजा खरी ठरली असती. आता लोक म्हणू लागले, बघा, काही झालं नसतं, या बाईनं धान बुडवलं, देवी घालवली. तिच्याशी कुणी बोलेना. विहिरीवर तिची घागर मागे सारत.

कार्तिकात तापाची साथ आली. आसपासची नऊ लेकरं गेली, असं सांगतात. दहावी डोमाजीची गंगा.

तिसऱ्या दिवशी डोमाजी एकटा टोल्यात आला. लोकांनी दारं लावून घेतली. बिरजानं लावलं नाही. लेकींना मागे सारून ती उंबऱ्यात उभी राहिली. डोमाजीच्या हातात काही नव्हतं.

“खरं सांग,” तो म्हणाला. “फुटली असती ना?”

ती उंबऱ्यातून बाहेर आली. त्याला घेऊन कोरड्या तलावात उतरली. पाळीच्या आतल्या अंगाला, चिखल वाळून तडकला होता तिथे, एक भोक होतं. तिनं त्याला सांगितलं, इथे कान लावून बसा. आणि स्वतः पाळ चढून पलीकडे गेली, शेंदराच्या दगडापाशी.

बराच वेळ काही नाही. मग पाळीच्या पोटातून, तीस हात मातीच्या आतून, हळू आवाज आला. ओरडलेला नव्हे, शेजारी बसून बोलावं तसा.

“मालक, ऐकू येते का जी?”

डोमाजीनं कपाळ मातीला टेकलं. त्याच भोकात तोंड घालून तो म्हणाला, “येते. येते, बाई.” आणि तिथेच रडला. पोरगी गेली तेव्हा रडला नव्हता, असं सांगतात.

पुढल्या उन्हाळ्यात पाळ त्या जागी पार खोदून काढली आणि थरावर थर तुडवून पुन्हा भरली. डोमाजी स्वतः तुडवायला उभा राहिला. तलाव भरल्यावर त्यानं चार माणसांत सांगितलं, की पाणी माझं, पण फुटलं तर मरणार टोला. म्हणून टोल्यातल्या बाईनं पाळीमागचं पाणी लोट्यात निवळून बघावं, आणि तिनं नाही म्हटलं तर मीसुद्धा पाय बुडवणार नाही.

आता कुणी म्हणतं बिरजानं पोर घालवली, कुणी म्हणतं चाळीस घरं वाचवली. आमच्या घरात विचाराल तर आम्ही दोन्ही बोलत नाही. डोमाजीला पुढे आणखी मुलं झाली, त्यांचा वंश आहे.

आजही मालगुजाराच्या घरी लेक जन्मली की बाराव्या दिवशी तिला पाळण्यात घालण्याआधी टोल्यात आणतात आणि आमच्यातल्या म्हाताऱ्या बाईच्या मांडीवर ठेवतात. नाव तिनं ठेवायचं, घरच्यांनी नाही. पुष्कळ लेकी झाल्या त्या घरात, पुष्कळ नावं ठेवली गेली. गंगा हे नाव मात्र आमच्या एकाही बाईच्या तोंडून निघालेलं नाही.