काठोकाठ चहा आणि जर्दाळूची परी

हे नगर आटपाट नव्हतं, खरंखुरं होतं. समरकंद त्याचं नाव. निळेनिळे घुमट, घुमटांवर सोनेरी ऊन आणि गल्लीगल्लीत जर्दाळूची झाडं. अशा छान गावात कुणी रडत असेल असं वाटतं का? पण रेणू रडत होती. का रडत होती ते आठवलं की माझं अजून डोकं फिरतं. कारण या गोष्टीत वाईट माणूस एकही नाही. असता तर त्याला दोन धपाटे घालून गोष्ट संपवली असती. इथे सगळा घोटाळा चांगुलपणाने झाला होता.

रेणूचे बाबा तिथल्या एका वसतिगृहात आपल्याकडून शिकायला गेलेल्या मुलांसाठी स्वयंपाक करायचे. पगार बेताचा, खोली इवलीशी, पुढे हातभर अंगण. कडेगावहून आल्या आल्या आईने ठरवलं की शेजार जोडायचा. शेजारणीही काय गोड होत्या! डोक्याला फुलाफुलांचे रुमाल बांधून गरमगरम गोल रोटी घेऊन यायच्या, छातीवर हात ठेवून वाकायच्या. आई लगबगीने आल्याचा चहा करायची आणि तिकडचा तो बिनकानाचा प्याला काठोकाठ भरून पुढे ठेवायची. शेजारीण प्याल्याकडे बघायची. तिचा चेहरा उतरायचा. घाईघाईने चहा संपवून ती जी उठायची, ती पुन्हा फिरकायची नाही.

कोपऱ्यावर मुकद्दस खोला राहायच्या. खोला म्हणजे तिकडची मावशी. त्यांना तर आईने बशीत सांडेपर्यंत चहा दिला. त्या बिचाऱ्या जीभ भाजून घेऊन निघून गेल्या.

आईला वाटलं, आपला चहाच वाईट. तिने साखर वाढवली, वेलदोडा घातला आणि आणखी मोठे प्याले आणले. मोठे, बरं का. आता कुणी कपाळाला हात लावायचा?

हळूहळू घरी कुणी येईना. आई बोलेनाशी झाली. दिवसभर खिडकीशी बसून राहायची, धड जेवायचीही नाही. शेवटी बाबा म्हणाले, पगार झाला की तिकिटं काढतो, तुम्ही दोघी कडेगावला जा. बाबा मात्र तिथेच राहणार होते. परत कधी भेटायचं ते कुणालाच सांगता येईना. 

म्हणून रेणू गल्लीमागच्या बागेत जाऊन रडत होती. आईला दिसू नये म्हणून तिथे. पानं हिरवीगार, फळं केशरी, गवतावर उन्हाचे गोलगोल कवडसे, आणि पोरीला त्यातलं काहीच दिसत नव्हतं.

तेवढ्यात कुणीतरी पुटपुटल्याचं ऐकू आलं. रेणूने वर पाहिलं. रेणूएवढीच उंच एक परी झाडाला चिकटली होती. झगा जर्दाळूच्या रंगाचा, केस रुपेरी आणि नाजूक पंख झाडाच्या डिंकात रुतलेला. परी झाडाला नावं ठेवत होती.

रेणूने डोळे पुसले. आपल्या बाटलीतलं होतं नव्हतं तेवढं पाणी तिने थेंबथेंब ओतलं आणि इवल्याशा बोटांनी हलक्या हाताने पंख सोडवला. तो फाटला नाही, उलट लखलखला.

परी म्हणाली, एक मागणं माग. पण स्वतःपुरतं मागायचं नाही, मागितलेलं बदलायचं नाही आणि मागण्याआधी माझ्याकडे चहा प्यायचा. नियमच नियम. कंटाळलात ना? मीही कंटाळले. पण परी म्हटली की नियम आलेच.

परीने चांदीच्या चिमुकल्या किटलीतून चहा दिला. एक घोट. रेणूने तो प्यायला, तर पुन्हा एक घोट. मग आणखी एक घोट. रेणूला वाटलं, महिनाअखेर आपल्याकडे होतं तसंच हिच्याकडेही असणार, चहा पुरत नसेल बिचारीला. म्हणून तिने किटली उचलली आणि परीचा प्याला काठोकाठ भरला. म्हणाली, तुम्हीच घ्या, माझं झालं.

परीचा चेहरा उतरला. अगदी शेजारणींसारखा. ती उठून उभी राहिली.

"माझ्याच बागेतून मला जायला सांगतेस?"

रेणू घाबरली. चुकले म्हणाली, काय चुकलं ते विचारू लागली. मग परी उसासा टाकून परत बसली.

"अगं पोरी, थोडा ओतला म्हणजे पुन्हा ओतायला मिळतो. पुन्हा ओतायचा म्हणजे पाहुण्याने अजून बसावं. काठोकाठ भरला म्हणजे, पी आणि नीघ."

रेणूचे डोळे विस्फारले.

"माझी आई सगळ्यांनाच काठोकाठ देते," ती म्हणाली. "कमी दिला तर पाहुण्याचा अपमान होईल म्हणून."

परीने डोळे मिटून घेतले. तिच्या भाषेत ती काहीतरी बोलली, ते मी सांगणार नाही.

मग ती म्हणाली, माग आता. राजवाडा माग, मोहरा माग. रेणूने थोडा विचार केला.

"तुम्ही आमच्याकडे चहाला या. येताना गल्लीतल्या सगळ्यांना घेऊन या."

 शेकडो वर्षं लोक परीकडे मागून गेले होते, घरी ये असं एकानेही म्हटलं नव्हतं. तिला रडू आलं आणि त्याचाच राग आला. येईन म्हणाली. पण पाहुण्याने यजमानाला शिकवायचं नसतं, तेव्हा आईला तूच समजाव, असा आणखी एक नियम तिने काढलाच.

आई आधी भडकली. अर्धा प्याला? कडेगावात कळलं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही, म्हणाली. मग अचानक ती खाली बसली.

"म्हणजे मी त्यांना हाकलत होते? रेणू, खोलांची जीभ भाजली गं."

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात फुलाफुलांचे रुमालच रुमाल दिसू लागले. पंख शालीखाली दडवून परी दारोदार फिरली होती. सगळ्या अवघडून बसल्या होत्या, जायच्या तयारीने. आईने मुकद्दस खोलांच्या प्याल्यात घोटभरच चहा ओतला. तेवढ्यावर थांबताना तिचा जीव तुटत होता. खोलांनी प्याल्यात पाहिलं, मग आईकडे पाहिलं आणि पायातल्या चपला काढून त्या सतरंजीवर ऐसपैस बसल्या.

मग काय विचारता. रोटी आली, जर्दाळू आले, आईने जपून ठेवलेलं भडंग काढलं. तिखटाने सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू. महिनाभर मुकी झालेली आई हातवारे करकरून बोलत होती.

अडकली ती परी. तिला दिवस मावळायच्या आत बागेत पोचायचं होतं, पण तिचा प्याला रिकामा झाला की आई घोटभर ओतायची. शालीखाली पंख आखडले. परी रेणूकडे बघून डोळे वटारू लागली. रेणूला कळलं. तिने किटली घेतली आणि परीचा प्याला काठोकाठ भरला.

परीने तो एका दमात संपवला, रेणूच्या डोक्यावर हात ठेवला आणि ती अंगणाच्या मधोमध आली. शाल गळून पडली. केशरी, सोनेरी, निळा असा उजेड अंगणभर पसरला, भिंती झगमगल्या, आणि परी त्या उजेडात विरून गेली.

नेमके तेव्हाच बाबा दारात आले. पगार झाला होता, तिकिटांचं बोलायचं होतं. पण आई रेणूवर चिडली होती.

"भरायची काय घाई होती तुला? न जेवता गेली ना बाई. आणि अहो, तुम्ही दारात काय उभे? खोलांच्या सुनेला सातवा लागलाय, तिला कुणी ओवाळलंसुद्धा नाही. पुढच्या आठवड्यात आपल्याकडे तिचं डोहाळजेवण करायचंय. मला गूळ पाहिजे, खोबरं पाहिजे, आणि हिरवी साडी इथे कुठे मिळते ते विचारून या."

बाबांनी एकदा रेणूकडे पाहिलं. मग ते उंबऱ्यावरच बसले आणि काय काय आणायचं ते ऐकू लागले.