कालची कणीक

"मग मांडी कधी घालायची मी, बुवा?"

भैरूबुवांनी मान वर केली नाही. परातीत पाणी शिंपडून ते कणीक मळत राहिले.

केरबा घोलप मठाच्या ओसरीवर काठी टेकून उभा होता. उजवा गुडघा नवा बसवलेला. सारा जन्म एसटीची गाडी हाकण्यात गेला, पण गावात त्याला ओळखायचे ते पखवाजासाठी. भैरूबुवांच्या हाताखाली तयार झालेला गडी, आणि हे तो कुणाला विसरू द्यायचा नाही.

बुवांनी त्याच्यासाठी खुर्ची मांडली होती. हा बसेना. गुरू जमिनीवर आणि चेला खुर्चीवर, हे त्याला पटेना.

"तुमच्यापेक्षा उंच बसू?"

"तुझं बूड उंच झालं म्हणून माझी विद्या सांडत नाही. बस, लेका."

केरबा बसला. मग सगळं गाऱ्हाणं निघालं.

ऑपरेशन झकास झालं होतं. व्यायाम करून घेणारी बाई खूश होती, पाय रोज थोडाथोडा वळत होता. पण सप्ताह तोंडावर आला. मठात गादीपुढं पखवाज वाजवायचा तो मांडी घालूनच, अशी रीत. डॉक्टरांनी तर इतक्यात मांडीचं नाव काढायचं नाही म्हणून बजावलेलं. या शहाण्यानं काय करावं? दाराला कडी घातली, पाय दुमडून उपरण्यानं आवळला आणि पखवाज पुढ्यात ओढून रियाजाला बसला.

गुडघा भोपळ्याएवढा सुजला. आधी जेवढा वळत होता, तेवढाही वळेना. बाईनं नको ते ऐकवलं आणि पुन्हा पहिल्या दिवसाचा धडा दिला. पलंगावर पडून टाच पुढं, टाच मागं.

"सगळं वाया गेलं, बुवा. सप्ताहाला माझ्या जागी दुसरा बसला, तर ती जागा मला परत मिळायची नाही."

तो हट्टी होता, पण खोटं बोलत नव्हता.

बुवांनी एक स्टूल ओढलं. त्यावर पखवाज आडवा ठेवला, केरबाच्या हाताला येईल असा. परात पुढं सरकवली.

"लाव."

पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापावी लागते. तिच्यावाचून खर्ज निघत नाही, आणि वाजवून झालं की ती दर वेळी खरवडून टाकायची. केरबानं गोळा घेतला, थापला, बोटांनी कडा सारखी केली. थाप मारली. आवाज थेट जमिनीतून आल्यासारखा घुमला. त्याचा चेहरा जरा उजळला.

"खरवड," बुवा म्हणाले.

त्यानं खरवडली.

"लाव."

लावली. पुन्हा तोच घुमारा.

"खरवड."

आता मात्र केरबाचं डोकं फिरलं.

"बुवा, चांगली लागली होती की!"

"कालची याहून चांगली होती. मी लावली होती."

"मग?"

"गाईनं खाल्ली."

केरबानं धुसफुसत कणीक खरवडली.

बुवा सुपारी कातरत बसले. अंगणात गाय निवांत रवंथ करत होती.

बऱ्याच वेळानं केरबानं आपणहून परातीत हात घातला. कणीक वरून सुकू लागली होती. त्यानं पाणी शिंपडलं आणि मळायला घेतली. या वेळी घाई नव्हती. मळता मळता खुर्चीखाली त्याची टाच पुढं जात होती, मागं येत होती. त्याच्या ते ध्यानातही नव्हतं.

गोळा थापून त्यानं एक थाप दिली, मग दुसरी. मग हात आपोआप चालू लागले. बुवांनी डोळे मिटले. सुपारी तोंडात तशीच राहिली.

केरबा थांबला. कपाळावर घाम होता आणि ओठांवर हसू.

"पण गादीपुढं खुर्ची, बुवा?"

"गादीवरचे महाराज समाधीत आहेत. खुर्ची बघायला उठायचे नाहीत."

"मग सप्ताहाला... कोण वाजवणार?"

बुवा गुडघ्यावर हात देऊन सावकाश उठले.

"त्या दिवशी ज्याचा हात कणकेत असेल, तो."